‘आम्ही राजकारणात पडत नाही’ : सीमेपलीकडच्या तंत्र-संस्था नेमक्या कशाबद्दल तटस्थ असतात?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवतात. ती भाषा सांभाळणारी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेली आहे. मराठी विकिपीडियावर लिहिणारे कोथरूडला, सांगलीला, नांदेडला बसून लिहितात. पण तो चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन सॅन फ्रान्सिस्कोची. गल्लीबोळांसकट जगाचा फुकट नकाशा देणारी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन इंग्लंडमध्ये नोंदलेली, तर वेबसाइटच्या पत्त्यांची सर्वांत वरची यादी सांभाळणारी आयकॅन कॅलिफोर्नियात. यातली एकही संस्था नफ्यासाठी चालत नाही. पगारी माणसं कामाच्या मानाने थोडी, बाकीचा भार स्वयंसेवकांवर, आणि ते स्वयंसेवक अशा देशांतले की ज्यांची सरकारं एकमेकांशी बोलतही नाहीत.

अशा संस्थेला तिची राजकीय भूमिका विचारली की उत्तर ठरलेलं असतं: आम्ही राजकारणात पडत नाही, आम्ही तटस्थ आहोत. पुण्यात मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो) आणि मुक्त नकाशांच्या कामात असलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं आणि नव्या मुलांना सांगितलेलंही असतं. ते खोटं नाही. पण तेवढ्यावरून काहीच कळत नाही. तटस्थ कशाबद्दल, कुणाच्या कायद्याखाली, कुणाच्या पैशावर, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला वजन येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ही तटस्थता निभावताना पोलिसांची नोटीस कुणाच्या दारात येते, तेही विचारायला हवं.

यादीतून एक नाव काढा

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. चार दिवसांनी, २८ तारखेला, युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी आयकॅनला पत्र पाठवलं. मागणी अशी की ‘डॉट आरयू’ आणि रशियाची इतर देशपातळीवरची नावं रद्द करा.

ही मागणी किती मोठी होती ते कळण्यासाठी आतलं काम थोडं समजून घ्यायला हवं. आपण एखाद्या वेबसाइटचा पत्ता टाइप केला की संगणकाला आधी हे शोधावं लागतं की पत्त्यातल्या शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरं आहेत त्यांचा कारभार कोण बघतं. डॉट इन कुणाकडे, डॉट ओआरजी कुणाकडे, डॉट आरयू कुणाकडे. याची उत्तरं एका मूळ यादीत असतात, तिला रूट झोन म्हणतात, आणि त्या यादीची देखरेख आयकॅनकडे आहे. तिथली डॉट आरयूची नोंद पुसली तर सरकारी प्रचाराची साइट बंद पडेल, हे खरं. पण तिच्यासोबत दवाखान्याची साइट, शाळेच्या निकालाची साइट आणि युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या रशियन माणसाची साइटही सापडेनाशी होईल. सुक्याबरोबर ओलंही जळेल.

आयकॅनचे तेव्हाचे प्रमुख योरान मार्बी यांनी २ मार्चला उत्तर दिलं आणि नकार कळवला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की इंटरनेट चालू राहावं म्हणून आमची संस्था उभी केली आहे, ते बंद पाडण्यासाठी आमचं काम वापरता येणार नाही. युरोप आणि आसपासच्या देशांना आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना ओळखणारे आकडी पत्ते, वाटणारी राइप एनसीसी ही ॲमस्टरडॅमची संस्था. रशियाला दिलेले पत्ते काढून घ्या, ही मागणी तिच्याकडेही झाली आणि तिनेही ती नाकारली.

मला हा नकार योग्य वाटतो, आणि युक्रेनबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून वाटतो. एकदा ती यादी शिक्षा देण्यासाठी वापरली की पुढचं पत्र कोण पाठवेल, कुणाविरुद्ध पाठवेल, याला धरबंध राहत नाही. मग प्रत्येक मोठा देश आपापली यादी करेल, आणि एकच पत्ता दोन देशांत दोन वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडेल. इंटरनेट एक आहे ते या एका यादीवर सगळ्यांचा विश्वास आहे म्हणून.

पण त्याच आठवड्यात आयकॅनच्या संचालक मंडळाने आणखी एक गोष्ट केली, ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. आणीबाणीच्या काळात लोकांचं इंटरनेट टिकावं म्हणून त्यांनी १० लाख डॉलर बाजूला काढले, आणि त्या मदतीचा पहिला रोख युक्रेनकडेच होता. यात विसंगती नाही. रेड क्रॉसने १९६५ साली आपली मूलतत्त्वं जाहीर केली, तेव्हा निःपक्षपात आणि तटस्थता ही दोन वेगळी तत्त्वं म्हणून लिहिली. ज्याची गरज मोठी त्याला आधी मदत, मग तो कुणीही असो, हा निःपक्षपात. भांडणात बाजू न घेणं ही तटस्थता. जखमी एका बाजूला जास्त असतील तर मदतही तिकडेच जास्त जाणार. तंत्र-संस्थांबद्दल बोलताना आपण या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतो, आणि मग ‘तुम्ही तटस्थ असाल तर अमक्याला मदत का केली’ असले वाद झडतात.

ज्या जमिनीवर उभे, त्या जमिनीचा कायदा

राइप एनसीसीने मागणी नाकारली खरी, पण युरोपीय संघाने ज्या रशियन कंपन्यांवर निर्बंध घातले त्यांच्या नावावरचे पत्ते तिला गोठवावे लागले. म्हणजे असलेले वापरा, नवे मिळणार नाहीत, दुसऱ्याला देता येणार नाहीत. नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या संस्थेला तिथला कायदा पाळावाच लागतो. तटस्थतेची मर्यादा इथे दिसते. संस्था जगाची असली तरी तिचं नोंदणी प्रमाणपत्र कुठल्या तरी एका देशाचं असतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच लिनक्स या मुक्त संगणक-कार्यप्रणालीच्या बाबतीत घडलं. लिनक्सच्या गाभ्यात एक साधी मजकुराची फाइल आहे, कुठला भाग कोण सांभाळतं याची. त्यातली सुमारे डझनभर नावं एका बदलात काढून टाकली गेली, बहुतेक रशियातल्या लोकांची. कारण म्हणून एकच ओळ होती, नियमपालनाच्या विविध अटींमुळे. पुढे उलगडा झाला की अमेरिकेने निर्बंध घातलेल्या कंपन्यांशी ज्यांचा संबंध होता त्यांच्याबद्दल हा निर्णय होता. लिनक्स फाउंडेशन अमेरिकेत आहे आणि लिनक्सचे मुख्य निर्माते लिनस टोरवाल्ड्सही तिथेच राहतात. कायद्यापुढे त्यांचा नाइलाज होता, हे मी मान्य करतो. पण ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट काम केलं त्यांना एका ओळीत काढणं मला पटलेलं नाही. कायदा काय म्हणतो, कुणाला लागू होतो, परत यायचं तर काय करावं लागेल, हे आधी सांगितलं असतं तर निर्णय तोच राहिला असता आणि माणसांचा मान राखला गेला असता.

हा धोका ओळखून काहींनी घरच बदललं. रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसर कसा असावा याची खुली नियमावली. ती अमेरिकेतल्या विद्यापीठात जन्मली, पण तिची संस्था २०२० मध्ये स्वित्झर्लंडला गेली, कारण अमेरिका आणि चीनच्या तणावात आपण सापडू अशी सभासदांना भीती होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची ‘वेगा’ ही प्रोसेसर-मालिका याच नियमावलीवर बेतलेली आहे, त्यामुळे तो स्थलांतराचा निर्णय आपल्यापासून लांबचा नाही. मुळात सी-डॅकचा जन्मच अशा नकारातून झाला. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, १९८८ मध्ये पुण्यात ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. परक्या देशाच्या परवान्यावर तंत्रज्ञान अडतं म्हणजे काय, हे या शहराने तेव्हाच पाहिलंय.

नकाशावरची रेघ

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी नकाशावर येऊन आदळतो. एरंडवण्यातल्या एका कॉलेजात ओपनस्ट्रीटमॅपचं प्रशिक्षण चालू होतं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आपल्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान आणि त्याच्या शेजारची बोअरवेल नोंदवत होती. काम झाल्यावर तिने सहज नकाशा लहान करत नेला. आधी पुणे, मग महाराष्ट्र, मग अख्खा देश पडद्यावर आला, आणि तिचा हात माउसवर थांबला. काश्मीरच्या वरच्या भागात रेघ शाळेच्या भिंतीवर असते तशी नव्हती.

“सर, हे चालतं का? आपल्याला पकडतील ना?”

तिची शंका अगदी रास्त होती. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

दुसऱ्या बाजूला, ओपनस्ट्रीटमॅपचा पायाच ‘जमिनीवर जे आहे ते नोंदवा’ हा आहे. वादग्रस्त सीमांबद्दल फाउंडेशनने २०१३ मध्ये जाहीर केलेलं धोरणही तसंच. जिथे ज्याचा प्रत्यक्ष ताबा, तिथे त्याची हद्द, असा त्याचा साधारण अर्थ. प्रत्येक देशाचा दावा मुख्य रेघ म्हणून काढायचा ठरवला तर एका रेघेच्या जागी तीन रेघा येतील, आणि पुण्यातला, लाहोरमधला आणि बीजिंगमधला स्वयंसेवक रोज एकमेकांची रेघ पुसत बसतील. एकच कसोटी सगळ्यांना लावली म्हणून हे काम टिकलं.

पण ही कसोटी निर्विकार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्यक्ष ताबा हीच कसोटी मानली की ज्याच्या हाती ससा तो पारधी. क्रिमियाच्या बाबतीत हेच झालं. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनकडून क्रिमिया घेतल्यावर ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीत तो दोन्ही देशांत दाखवायचा, अशी तात्पुरती तोड निघाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये माहितीचे वाद सोडवणाऱ्या गटाने नियमावर बोट ठेवलं आणि क्रिमिया फक्त रशियात टाकायचा निर्णय दिला. युक्रेनमधले स्वयंसेवक संतापले. ज्यांनी आपल्या गावांचे रस्ते एकेक करून काढले, त्यांना आक्रमकाच्या बाजूने नियम उभा राहिलेला दिसला. डिसेंबरमध्ये संचालक मंडळाने तो निर्णय फिरवला आणि २०१४ ची तोड पुन्हा लागू केली. नियम जिथे माणसांना तोडायला निघाला तिथे त्याला बाजूला ठेवणं मला योग्य वाटतं, पण त्याची किंमतही आहे. पुढच्या वादात प्रत्येक जण विचारणार, त्यांच्यासाठी अपवाद केलात, आमच्यासाठी का नाही?

त्या मुलीला मी सांगितलं ते असं. नकाशात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे साठवलेली माहिती: हा रस्ता, ही विहीर, ही हद्द. दुसरी म्हणजे त्या माहितीवरून काढलेलं चित्र. माहितीचा साठा एक असला तरी त्यावरून कितीही चित्रं काढता येतात, आणि भारतातल्या वाचकांसाठी नकाशा बनवणारा माणूस देशाची सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे टाकून बाकीचं सगळं इथून घेऊ शकतो. मोठ्या नकाशा-कंपन्याही वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या रेघा दाखवतातच. तू गल्लीतली बोअरवेल नोंदवलीस, त्यात कायद्याला हरकत घेण्यासारखं काही नाही. देशाच्या सीमेच्या रेघेला हात लावू नकोस. आणि कॉलेजच्या अंकात भारताचा अख्खा नकाशा छापायचा असेल तर सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तो मिळतो, तोच छाप.

वर्गणी कुणाची

पुण्यात गणेश मंडळाची वर्गणी घरोघरी दहा-वीस, शंभर-दोनशे अशी गोळा होते तोवर मंडळ सगळ्या गल्लीचं असतं. एकाच इच्छुक उमेदवाराने मांडवाचा सगळा खर्च उचलला की कमानीवर कुणाचा फोटो लागणार, हे कुणाला विचारावं लागत नाही. पैशाचा हा नियम तंत्र-संस्थांनाही जसाच्या तसा लागू आहे.

पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनची गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून त्यांना दोन वर्षांसाठी १५ लाख डॉलरचं अनुदान मिळणार होतं. काम पायथनच्या सुरक्षिततेचं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं. फाउंडेशनचं वर्षाचं अंदाजपत्रकच सुमारे ५० लाख डॉलरचं, त्यामुळे ही रक्कम त्यांच्यासाठी प्रचंड होती. पण करारात अट होती की वैविध्य, समता आणि समावेशनाला चालना देणारा कुठलाही कार्यक्रम संस्थेने चालवायचा नाही. ही अट फक्त अनुदानाच्या कामापुरती नव्हती, संस्थेच्या सगळ्या कारभाराला होती, आणि मोडली तर दिलेले पैसे परत मागण्याची तरतूद होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये फाउंडेशनने जाहीर केलं की आम्ही हे अनुदान घेत नाही. मंडळाचा निर्णय एकमताचा होता.

काहींनी म्हटलं, हे तर राजकारण झालं. मला तसं वाटत नाही. वैविध्यपूर्ण आणि आंतरराष्ट्रीय समुदाय वाढवणं हे त्या संस्थेच्या ध्येयवाक्यातच लिहिलेलं आहे. जी अट मान्य केल्यावर आपलीच घटना मोडावी लागते, ती नाकारण्यासाठी कुठल्या पक्षाच्या विरोधात असावं लागत नाही. समोर दुसऱ्या पक्षाचं सरकार असतं आणि त्याने उलटी अट घातली असती, तरी कसोटी हीच राहिली असती.

पक्षीय राजकारणापुरती रेघ तर कायद्यानेच आखलेली आहे. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थेला १९५४ पासून निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करायला बंदी आहे, मात्र धोरणांवर मर्यादित प्रमाणात आपलं म्हणणं मांडता येतं. आपल्याकडे परदेशी देणगीचा कायदा, म्हणजे एफसीआरए, राजकीय पक्षांना आणि उमेदवारांना परदेशी पैसा घेऊ देत नाही, आणि राजकीय स्वरूपाच्या म्हणून जाहीर झालेल्या संघटनांनाही नाही. आता ‘राजकीय स्वरूपाची’ कुणाला म्हणायचं? बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संघटनांना नियमांनी सरसकट त्यात ढकललं होतं. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला आवर घातला. पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या हक्कांसाठी आंदोलन केलं म्हणून संघटना राजकीय ठरत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांपैकी फार थोड्यांनी हा निकाल वाचला असेल, पण सरकारी धोरणावर सूचना पाठवायला घाबरणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो वाचावा.

पुढे २०२० च्याच सप्टेंबरात कायदा आणखी कडक झाला. परदेशी पैसा दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, मग संस्था पुण्याची असो की परभणीची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. शेवटच्या अटीचा फटका छोट्या गटांना बसतो. परदेशातल्या फाउंडेशनने पुण्यातल्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या पैशातून जुन्नरच्या एखाद्या छोट्या संस्थेला थोडी रक्कम देऊन तिथल्या गावांचे नकाशे करून घेणं, हा साधा मार्ग बंद झाला. परदेशी फाउंडेशन कितीही तटस्थ असो, तिचा पैसा ज्या थोड्या दारांतून आत येऊ शकतो त्या दारांवर कोण बसलंय, यावर इथे काय काम होणार हे बरंचसं ठरतं.

मतदारयादी

संस्थेचा पैसा स्वच्छ आहे, कायदाही नीट पाळला जातोय, पण संस्थाच कुणी ताब्यात घेतली तर? पुण्याला हे नवं नाही. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तुम्ही कुणाच्या वतीने बोलता ते आधी दाखवा, मग बोला, ही त्यामागची दृष्टी मला आजही थक्क करते. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या विचाराच्या मंडळींकडे सभेची सूत्रं होती. १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूने निवडणुकीत बहुमत मिळवून ती आपल्याकडे घेतली. रानड्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. त्याच सुमाराच्या दुष्काळात सार्वजनिक सभेची माणसं खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांना सरकारच्याच दुष्काळ-संहितेतल्या सवलती समजावून सांगू लागली. सरकारने बनवलेले नियम लोकांना सांगणं, एवढंच ते काम होतं. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

यात दोन्ही प्रश्न आहेत, आणि दोन्ही आजचे आहेत. नियमाप्रमाणे मतं गोळा करून संस्था जिंकणं हा लोकशाहीचा भाग, की संस्थेचं अपहरण? आणि लोकांना त्यांचा हक्क सांगणं हे राजकारण आहे का? दुसऱ्याचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट आहे: नाही. पहिल्याचं तितकं सोपं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या निवडणुकीच्या तोंडावर एकाच कंपनीच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांची सभासदनोंदणी एकदम आली, ती भारतातून. चौकशी झाली, आणि सभासद कुणाला म्हणायचं, वर्गणी भरणं पुरे की काम केलेलं हवं, यावर मोठी चर्चा झाली. नकाशावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच मत असावं, असं माझं मत आहे.

निवडणूक न होताही संस्था ताब्यात जाते. क्रोएशियन विकिपीडियावर साधारण दशकभर काही मोजक्या प्रचालकांनी, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांनी, राष्ट्रवादी वळणाचा मजकूर रेटला आणि विरोध करणाऱ्यांना बाहेर काढलं. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. तटस्थ दृष्टिकोनाचा नियम तिथेही पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता. तो लागू करणारे हात पाचसहा जणांचेच राहिले की नियमाचं काय होतं, हे मराठी विकिपीडियासारख्या थोड्या कार्यकर्त्यांवर चालणाऱ्या प्रकल्पांनी नीट पाहून ठेवायला हवं.

नोटीस कुणाला येते

विकिपीडियाचं उदाहरण सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण तिथे सगळे धागे एकत्र येतात. लेखाचा मजकूर तटस्थ हवा, हे तिथलं मूळ धोरण. पण १८ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेतल्या ‘सोपा’ (SOPA) या प्रस्तावित ऑनलाइन पायरसीविरोधी कायद्याच्या विरोधात इंग्रजी विकिपीडियाने एक दिवस आपली पानं काळी केली. लोकांनी विचारलं, तटस्थता कुठे गेली? विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख स्यू गार्डनर यांनी उत्तर दिलं होतं, की विकिपीडियाचे लेख तटस्थ असतात, पण विकिपीडियाचं अस्तित्व तटस्थ नाही. मुक्त ज्ञान असावं ही स्वतःच एक बाजू आहे. इतर सगळ्या वादांत गप्प बसणारी संस्था स्वतःच्या मुळावर घाव येतो तेव्हा बोलणारच, आणि तिने बोलावंच.

भारतात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्याबद्दलच्या लेखातला मजकूर बदनामीकारक आहे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडिया फाउंडेशनवर २ कोटी रुपयांचा दावा लावला. न्यायालयाने संपादन करणाऱ्या तिघांची माहिती मागितली. ऑक्टोबरमध्ये या खटल्यावरच लिहिलेलं पान काढायचा आदेश झाला आणि फाउंडेशनने ते काढलं. नोव्हेंबरमध्ये तोड निघाली की त्या तिघांना समन्स फाउंडेशनमार्फत जाईल आणि त्यांची ओळख न्यायालयाला बंद लिफाफ्यात दिली जाईल. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ते पान काढण्याचा आदेश रद्द केला. न्यायालयांसारख्या सार्वजनिक संस्थांवर खुली चर्चा व्हायलाच हवी, असं त्यांनी म्हटलं.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांबद्दलच्या मजकुरावरून राज्याच्या सायबर विभागाने विकिपीडियाला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. महाराजांबद्दल आपल्या मनात जे आहे ते माझ्याही मनात आहे, आणि चुकीचा मजकूर असेल तर तो साधार दुरुस्त व्हायलाच हवा. विकिपीडियावर त्यासाठी चर्चापान असतं, संदर्भ मागता येतो, संदर्भ खोडता येतो. पण गुन्हा संपादकावर नोंदला की हा सगळा मार्ग बाजूला पडतो. पुण्यात बसून इतिहासावर लिहिणारे, ज्यांच्याकडे खरोखर साधनं आहेत आणि मोडी वाचता येते, तेच आधी हात आखडता घेतात.

तटस्थता जाहीर करते ती दूर देशातली संस्था. तिच्या पाठीशी तिथला कायदा आणि वकिलांची फळी असते. ती तटस्थता लेखात आणि नकाशात उतरवतो तो इथला स्वयंसेवक, आणि त्याचं आधार कार्ड पुण्याच्या पत्त्यावर असतं. म्हणून कुठल्याही फाउंडेशनला मी पहिला प्रश्न हा विचारतो, की तुमच्या नियमाप्रमाणे वागल्यामुळे आमच्या माणसाला बोलावणं आलं तर तुम्ही काय कराल? विकिमीडियाकडे योगदान देणाऱ्यांना खटल्यात मदत करण्याचं लिखित धोरण आहे. अनेक लहान संस्थांकडे एवढंही नाही.

आमच्या प्रशिक्षणांत आता खातं उघडण्याआधी नावाबद्दल बोलणं होतं. खरं नाव द्यायचं बंधन नाही, टोपणनाव चालतं, कॉलेजचा ईमेल वापरू नये, आणि कुठल्या विषयांना पहिल्या वर्षी हात लावू नये. अनुभवी कार्यकर्त्याचा फोन नंबर प्रत्येकाकडे असतो. पण नोटीस आल्यावर तेवढं पुरत नाही. तेव्हा हवा असतो तो शिवाजीनगरच्या कोर्टात दुसऱ्या दिवशी उभा राहू शकेल असा, मराठीत बोलणारा वकील, ज्याची फी आधीच ठरलेली आहे आणि ती फाउंडेशन भरणार आहे. अशा वकिलांची यादी जिल्ह्याजिल्ह्यात तयार असावी, ही मागणी आम्ही पुण्यातून लावून धरली पाहिजे, आणि स्वयंसेवकांची पुढची भरती करण्याआधी तिचं उत्तर मागितलं पाहिजे.